घोड्याची शेवटची ओळ

माझ्या चुलतभावाची बायको जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात छपाईखात्यात कामाला आहे. तिथं तिला नावानं कुणी हाक मारत नाही. प्राचार्यांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची ती चौकटताई. छपाईखातं म्हणजे तरी काय, पेंडीच्या गोदामामागच्या दोन खोल्या. एकीत मशीन आणि मशीनमामा, दुसरीत कॉम्प्युटर आणि ही. खिडकी उघडली की पेंडीचा वास, झाकली की शाईचा. उंदीर मात्र दोन्ही वेळेला येतात, त्यांना वासाचं काही नसतं.

हिचं काम तक्ते करायचं. प्रश्नपत्रिका असोत, पोरांचे प्रबंध असोत, नाहीतर गोठ्यात लावायचे फलक असोत, तक्ता आला की तो हिच्या टेबलावर. लग्नाआधी ती एका गणिताची पुस्तकं जुळवणाऱ्या माणसाकडे नोकरीला होती. तिथं ती लेटेक नावाचा जुळणीचा प्रोग्राम शिकली. आपण कॉम्प्युटरवर माउसनं ओढून चौकट काढतो, तसलं काम तिथं नाही. तिथं चौकट लिहिताना दिसतच नाही. सगळं शब्दांत सांगायचं. एक ओळ म्हणजे तक्त्याची एक रांग. दोन खणांच्या मधे एक खूण टाकायची, रांग संपली की दोन तिरक्या रेघा मारायच्या, आणि खाली आडवी रेघ हवी असेल तर तसा हुकूम त्याच ओळीच्या शेपटाला लावायचा. सगळं लिहून झालं की बटण दाबायचं आणि काय जन्माला येतं ते बघत बसायचं.

खरी गंमत येते ती खण एक करायला लागलं की. दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक खोली करावी, तसं ते काम. आडवे खण एक करायचे तर मल्टिकॉलम, उभे करायचे तर मल्टिरो. आडव्याचं फारसं दुखणं नाही. उभ्याचं आहे. नाव एकाच रांगेत लिहायचं आणि सांगायचं, बाबा रे, खालच्या दोन रांगांवरही पसर. त्या रांगांतला पहिला खण कोरा सोडायचा. कोरा सोडला नाही तर अक्षरं एकमेकांच्या उरावर बसतात.

त्यात हिच्या तक्त्यात एकाआड एक रांग करडी. डोळा घसरून खालच्या ओळीत जाऊ नये म्हणून. पण लेटेक वरून खाली रंग लावत येतं. वरच्या रांगेत लिहिलेलं नाव खाली पसरतं न पसरतं, तोच खालच्या रांगेचा करडा रंग येऊन त्याच्यावर पोतेरं फिरवतो. त्यावर तोड एकच. नाव वर लिहायचंच नाही. गटाच्या शेवटच्या रांगेत लिहायचं आणि किती रांगांवर पसरायचं तो आकडा उणे द्यायचा. उणे तीन म्हटलं की नाव तीन रांगांत वर चढून मधोमध बसतं. रंग आधी लागून गेलेला असतो, नाव मागून येतं, पुसलं जात नाही. ही युक्ती हिच्या हाताला इतकी लागली की रंग असो वा नसो, हिच्या तक्त्यात नाव कायम शेवटच्या रांगेत, आणि त्याच रांगेच्या शेपटाला दोन गटांमधली रेघ.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ही बाई जन्माची घाबरट. गॅसचं बटण बंद केलं का, हे बघायला जिना परत चढणारी. दाराचं कुलूप ओढून बघायची, चार पावलं जायची, परत येऊन ओढायची. माझा चुलतभाऊ नळाची कामं करतो, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "कुलूप झिजलं बिचारं, पण तुझी भीती काही झिजत नाही." लग्नघरी जेवायला बसली तरी हिच्या डोक्यात आदल्या दिवशीचा तक्ता. अर्ध्या जेवणातून उठून तिनं कितीदा तरी मामांना फोन केलाय, "मामा, पान पालथं तर छापलं नाही ना?" आणि दर वेळी सगळं ठीकच निघायचं. त्यामुळे झालं असं, की ती घाबरली की घरात नि दारात कुणी मान वर करून बघेना. हिचं नेहमीचंच, म्हणून सगळे सोडून देत. शेवटी शेवटी तीही स्वतःला तेच सांगायला लागली.

त्या आठवड्यात कॉलेजचं शिबिर होतं. जनावरांची वाढलेली खुरं कापायची, शिंगं तासायची. लाथा मारणारं जनावर असलं की त्याला थोडं गुंगीचं औषध देतात. या खेपेला औषधाची बाटली नव्या कारखान्याची आली होती, औषध जुन्यापेक्षा दाट. जुनी मापं चालणार नव्हती. म्हणून मोठ्या सरांनी नवा तक्ता करायला सांगितला. डावीकडे जनावर, मग वजन, मग मात्रा. मात्रेचे दोन खण, शिरेतून किती आणि मांसात किती, आणि त्या दोन्हींवर मिळून एक डोकं. तक्ता छापून औषधाच्या पेट्यांच्या झाकणाला आतून चिकटवायचा होता.

सर तिला समजावताना म्हणाले होते, "चौकटताई, यात एक लक्षात ठेव. घोड्याला जेवढं लागतं, त्याचा दहावा वाटा गाईला पुरतो. गाय या औषधाला फार नाजूक. तिला घोड्याचं माप गेलं तर गाय संपली म्हणून समज."

असलं वाक्य हिच्यासमोर बोलू नये. तिनं तो तक्ता ओळ न् ओळ पट्टी लावून तपासला. वर घोड्याच्या तीन रांगा, मग गाईच्या तीन, खाली शेळीच्या दोन. मामांना शेजारी बसवून मोठ्यानं वाचून घेतला. मामा वैतागले. "अगं, एवढं लग्नाआधी नवऱ्याला तपासलं असतंस तर!"

काम संपवून ती पर्स खांद्याला लावत होती, तेवढ्यात सरांचा फोन आला. शिबिरात दांडग्या घोड्यांना हात लावायचा नाही असं ठरलंय, तेव्हा घोड्याची शेवटची, जड वजनाची रांग काढून टाक. तिनं पर्स खांद्यालाच ठेवून, उभ्या उभ्या ती एक ओळ काढली. बटण दाबलं. कुठं लाल अक्षरात तक्रार आली नाही. तक्ता एका पानात बसला. पेनड्राइव्हवर घेऊन तिनं तो मामांच्या हातात दिला आणि बस पकडायला पळाली. त्या खोलीतल्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही, सगळा कारभार असा हातोहात चालतो.

शिबिर सुट्टीच्या दिवशी होतं. सकाळी घरी न्हाणीतला नळ गळत होता. दुसऱ्यांचे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरी नळ गळतच असतो, त्यात नवल नाही. सासूबाई मागे लागल्या म्हणून माझा भाऊ एकदाचा पाना घेऊन बसला. पाइपाचं शेवटचं वीतभर टोक गंजलं होतं. त्यानं ते कापलं आणि मागच्या दारानं उकिरड्यावर भिरकावलं.

सासूबाई म्हणाल्या, "अरे, नळ कुठंय?"

"कुठला नळ?"

"त्या तुकड्याला नळ होता ना मेल्या! तुकड्याबरोबर नळही टाकलास की!"

सासूबाई हसायला लागल्या. चौकटताई कपडे पिळत होती. तिच्या हातातलं पातळ तसंच राहिलं, पाणी पायांवर गळत राहिलं. घोड्याची शेवटची ओळ तिनं काढली होती. घोडा हे नाव कुठल्या ओळीत होतं?

"अहो," ती म्हणाली, "मी घोडा परत लिहिला का?"

माझ्या भावानं तिच्याकडे बघितलं. "कुणाला लिहिला?"

"तक्त्यात. ओळ काढली मी. नाव त्याच ओळीत होतं. वरच्या ओळीत ते परत लिहिलं का, तेच आठवत नाही मला."

"झालं सुरू," तो म्हणाला. "आई, आज जेवण तूच कर."

ती पायरीवर बसली. डोळे मिटून ती संध्याकाळ आठवायला लागली. पर्स खांद्यावर होती, पट्टा सारखा घसरत होता. बोटानं ओळ निवडली, ती गेली. मग बटण. मधे काही लिहिलं का? लिहिलं असेल. एवढ्या वर्षांची सवय आहे, हातानं आपोआप लिहिलं असेल. मग हाताला ते आठवत का नाही? आणि रेघ? घोडा आणि गाय यांच्या मधली रेघ त्याच ओळीच्या शेपटाला होती. नाव गेलं असेल तर रेघही गेली. रेघ गेली असेल तर घोड्याच्या उरलेल्या दोन रांगा सरळ गाईच्या चौकटीत जाऊन बसल्या. वर घोड्याचं माप, खाली गाईचं, आणि बाजूला नाव एकच.

ती भिंतीला धरून उठली.

"मी मामांकडे जाऊन येते. फोननं भागायचं नाही, कागदच बघायला हवा."

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, मागल्या खेपेला पण अशीच पळालीस. सगळं जिथल्या तिथं होतं."

"मागल्या खेपेला गाई नव्हत्या, आई."

रस्त्यानं जाताना ती स्वतःला शिव्या घालत होती. काही निघायचं नाही, मामा हसतील, आपण तोंड पाडून परत येऊ. आणि देवा, तसंच होऊ दे. एवढं लाजून परत यायची इच्छा तिला आयुष्यात कधी झाली नव्हती.

मामा ओट्यावर दाढी करत बसले होते. अर्ध्या गालाला फेस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी शाई बघतो, बाई. काळं काळ्यासारखं आलं का, एवढंच. घोडा आहे का गाढव, ते मला नको विचारू."

"एखादा कागद असेल ना तुमच्याकडे? खराब निघालेला?"

"खराब कागद तुझ्या मामीच्या ताब्यात. फळ्यांवर घालते ती, डब्यांखाली."

ती सरळ स्वयंपाकघरात घुसली. मामी कणीक मळत होत्या. "अगबाई, काय झालं?" म्हणेपर्यंत हिनं वरच्या फळीवरचे डबे खाली उतरवायला सुरुवात केली.

"डब्यांखाली काय शोधतेयस गं? सोनं पुरलंय का मी?"

"मामी, तक्ता. करड्या ओळींचा."

"तो होय, तो मधल्या फळीवर. कालच घातला. कागद चांगला आहे हो तुमच्या कॉलेजचा."

मधल्या फळीवरून तिनं तो ओढला. फळी अरुंद, म्हणून मामींनी कात्रीनं कागदाची डावी बाजू कापून टाकली होती. नेमका जनावरांच्या नावांचा खणच गेला होता. उरले होते नुसते आकडे.

"इथला तुकडा कुठंय?"

"चुलीत गेला की."

चौकटताई कागद खिडकीशी घेऊन गेली. नाव नव्हतं, पण रेघा होत्या. वरचं डोकं, त्याखाली रेघ. मग दोन रांगांत मोठे आकडे. त्यांच्याखाली तीन रांगांत शून्य टिंब अमुक, शून्य टिंब तमुक. मोठ्या आकड्यांच्या आणि टिंबवाल्या आकड्यांच्या मधे रेघ हवी. तिनं बोट फिरवलं. मग नखानं खरवडलं, जसं काही रेघ आत दबली असेल. करडी पट्टी, पांढरी पट्टी, पण मधे रेघ नव्हती. पाचही रांगा एकाच घरात.

रेघ नाही म्हणजे नावही नाही.

"मामा," ती बाहेर येऊन म्हणाली, "ड्रेसरचा नंबर आहे ना तुमच्याकडे?"

तिचा चेहरा बघून मामांनी फेस तसाच ठेवून फोन उचलला. शिबिरात जनावरं धरणारा, डॉक्टरांना सुया भरून देणारा ड्रेसर त्यांचा पत्ते खेळायचा जोडीदार. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. एवढ्या वेळात ती काय काय बोलून गेली, ते तिला नंतर आठवेना. मामी म्हणतात, ती सारखी एवढंच म्हणत होती, "उचल रे, उचल रे बाबा."

उचलला. मागे जनावरांचं हंबरणं, माणसांचा कालवा.

"कोण, मामा? आज डाव नाही जमायचा, इथं सकाळपासून लाथा खातोय."

तिनं फोन ओढून घेतला. "मी चौकटताई बोलतेय. पेटी उघडी आहे का तुमच्यासमोर? झाकणावरचा तक्ता वाचा. पहिल्या खणात वरून खाली काय लिहिलंय?"

"गाय."

"त्याच्या वर काही?"

"वर काही नाही. गाय आणि खाली शेळी. का हो?"

"घोडा नाही?"

"घोडा कुठला ताई, घोडं एकही आलेलं नाही इथं. सगळ्या गाईच."

"कुणाला औषध दिलं का?"

"आत्ताच दिलं की एका गाईला. तेच डॉक्टर म्हणतायत, एवढ्या लवकर कशी खाली बसली म्हणून."

ती मामांच्या दाढीच्या भांड्याशेजारी खाली बसली आणि ओरडून म्हणाली, "डॉक्टरांना द्या फोन! आधी द्या!"

डॉक्टर तरुण होता, नवीन लागलेला. "बोला, कोण?"

"डॉक्टरसाहेब, तक्ता मी केलाय. त्यातल्या वरच्या दोन ओळी गाईच्या नाहीत. घोड्याच्या आहेत. नाव राहिलं लिहायचं. माझ्याकडून राहिलं."

तो म्हणाला, "घोड्याच्या?" आणि मग फोन कुठंतरी आपटल्याचा आवाज झाला, आणि लांबून त्याचं ओरडणं ऐकू आलं, "थांबा रे! सगळे थांबा! कुणी सुई लावू नका! उतारा कुठंय? उताऱ्याची बाटली आणा!"

मामांनी अर्धी दाढी टॉवेलनं पुसली आणि स्कूटर काढली.

वाटेत तिच्या नवऱ्याचा फोन आला. "मिळाला नळ. उकिरड्यात होता. तुझं काय, मिळाला का घोडा?"

"नाही मिळाला," ती म्हणाली. "गाय पडलीय."

त्यानं चेष्टा केली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

शिबिर एका मोकळ्या मैदानात होतं. एका कोपऱ्यात गर्दी. मामांनी वाट काढली. तांबडी, थोराड गाय छातीवर बसली होती. कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावली होती. मान खाली, जीभ बाहेर, लाळेची तार जमिनीपर्यंत. डावी कूस फुगलेली. डॉक्टर गुडघ्यावर बसून कानाला नळी लावून ऐकत होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. उतारा टोचून झाला होता. गाईची मालकीण, डोक्याला फडकं बांधलेली उंच बाई, त्याच्या डोक्यावर उभी राहून तोंडाचा पट्टा सोडत होती.

"नखं कापायला आणली होती मी हिला, जीव काढायला नव्हे! चालत आली, चालत! बघा आता!"

"मावशी, जरा थांबा. ऐकू द्या मला."

"काय ऐकतोस? काय म्हणते ती? मला सांग, मला कळते तिची भाषा!"

डॉक्टरनं वर न बघता म्हटलं, "पोतं सरकतंय, कुणीतरी धरा." चौकटताई पुढं झाली आणि तिनं पोत्याला पाठ लावली. पोत्याला पाठ, पोतं गाईला. गाईचा श्वास पोत्यातून तिच्या पाठीला कळत होता. एक यायचा, मग नाही. मग नाही. मग यायचा. मधल्या नाहीमधे तिचा स्वतःचाही थांबायचा.

"तू कोण गं?" मालकिणीनं विचारलं. "औषधवाली?"

चौकटताईनं तोंड उघडायच्या आत ड्रेसरच बोलला, "आमच्या ऑफिसातल्या आहेत."

"मग धर नीट. अंग चोरू नकोस."

तिनं नीट धरलं. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. ऊन सरकून पलीकडे गेलं. पाठीला रग लागली, पाय बधिर झाले. मामा पाणी घेऊन आले, तिनं मानेनंच नको म्हटलं. हलली तर गाय कलंडेल, असं तिला वाटत होतं. डॉक्टर मधूनमधून गाईच्या डोळ्यावर बोट लावायचा, पापणी हलते का बघायला. एकदा तो हळूच तिला म्हणाला, "मी अर्धंच दिलं होतं. म्हटलं, आधी अर्धं देऊन बघू. पूर्ण दिलं असतं तर..." मग म्हणाला, "खाली तेच वजन परत लिहिलेलं होतं. मी वरून बघत आलो, पहिलं सापडलं ते घेतलं. खालचं बघितलंच नाही."

त्याचा वाटा त्याच्याकडे. तिला तिचाच पुरत होता.

मग गाईनं मोठ्ठा ढेकर दिला. आंबट, उबट वासाचा, सरळ डॉक्टरच्या तोंडावर.

"हां!" मालकीण ओरडली. "पोट चाललं! पोट चाललं माझ्या बाईचं!"

डॉक्टरनं तोंड पुसलं नाही. नुसता हसला, आणि त्या हसण्यात रडणंच जास्त होतं. फुगलेली कूस हळूहळू उतरली. गाईनं मान उचलली, टाकली, परत उचलली. बराच वेळ तिचं असंच चाललं. शेवटी तिनं मागचे पाय गोळा केले, ढुंगण वर केलं, डुलली. सगळ्यांनी चारी बाजूंनी हात लावले. उभी राहिली. आणि उभी राहिल्याबरोबर जी धार सोडली ती थांबेचना. माणसं मागं सरली. पोत्याला टेकलेली चौकटताई जागची उठूही शकली नाही, पाय मेलेले. साडी गुडघ्यापर्यंत भिजली.

मालकीण गाईच्या गळ्यात पडली. मग डॉक्टरकडे वळली. "झालं काय होतं, ते सांग मला."

डॉक्टर म्हणाला, "कागदात चूक होती, मावशी."

"कागद काय आपोआप चुकतो?"

चौकटताई जमिनीवरूनच म्हणाली, "मी केला होता तो. एक नाव राहिलं माझ्याकडून."

मालकिणीनं खाली बघितलं. आतापर्यंत आपल्या गाईला पाठ लावून बसलेली बाई ती हीच, हे तिला कळायला क्षणभर लागलं. ड्रेसर मधे पडायला पुढं झाला. पण ती हिच्याजवळ आली आणि वाकून, दातओठ खात म्हणाली, "आणि मेली असती तर? तुझ्या कागदाचं दूध काढलं असतं का मी?"

"नाही."

"नाही म्हणते." मालकिणीनं गाईचं दावं सोडलं. "ऊठ आता. ओली बसू नकोस." आणि गाय घेऊन ती चालायला लागली. मागं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकटताई कामावर गेली, तेव्हा मोठे सर तिच्या खोलीत येऊन बसलेले होते. शिबिराचं सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी लेखी खुलासा मागितला, तो तिनं दिला. त्यात कारण म्हणून एकच ओळ होती. ओळ काढली, नाव परत लिहिलं नाही. पुढं काय होणार, ते सरांनी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. पेट्या परत आल्या होत्या, नवा तक्ता लगेच हवा होता. तेवढं काम तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, म्हणून ते तिच्याकडेच राहिलं.

तिनं केलेला तक्ता बघून सरांनी कपाळाला आठी घातली. उभे खण तिनं एक केलेच नव्हते. प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला नाव. घोडा, घोडा. गाय, गाय, गाय. शेळी, शेळी. प्रत्येक रांगेखाली रेघ.

"हे काय ध्यान केलंयस? शाळेतल्या पोरानं केल्यासारखं. तुझ्या हातचा वाटत नाही तक्ता."

"ध्यान तर ध्यान, सर. यातली कुठलीही ओळ काढली तरी बाकीच्यांना आपापलं नाव राहतं."

"पण दिसतं किती वाईट!"

"दिसू दे."

"निदान नावाचा खण एक करून, आकडा नीट तपासून..."

"सर, खण एक करायचे असतील तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माझा हात तिथं आता जायचा नाही."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या कोपऱ्यात सही केली.

मामा तो कागद घेऊन मशीनकडे निघाले, तशी तिनं त्यांना हाक मारली. "मामा, बसा जरा. वाचून घ्या."

"अगं, काल रात्री झोपली नाहीस, तुझे डोळे बघ. सरांनी वाचलंय, तू वाचलंयस."

"तुम्ही वाचा. मी बघत नाही, मी नुसती ऐकते."

मामा स्टुलावर बसले, चष्मा लावला आणि वाचायला लागले, "घोडा, दोनशे ते तीनशे किलो..." ती खिडकीकडे तोंड करून, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ऐकत राहिली. शेळीची शेवटची ओळ वाचून मामांनी चष्मा काढला.

"झालं. सगळं बरोबर आहे. छापू?"

"एकदा," ती म्हणाली, "खालून वर वाचा."